फिनिश शिकताना ‘गेट’ बाहेरच ठेवा

फिनलंडला नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी गेलेला मराठी माणूस फिनिश शिकायला बसतो, तो बहुधा इंग्रजीचा हात धरून. पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत, ॲपमधले अर्थ इंग्रजीत, वर्गातलं सुरुवातीचं स्पष्टीकरणही बरंचसं इंग्रजीत. नामांपर्यंत हे ठीक चालतं. दूध, दार, पाऊस यांना एका शब्दाला एक शब्द मिळतो. गाडी अडते ती क्रियापदांपाशी, आणि सगळ्यांत जास्त अडते ‘गेट’पाशी.

पाच इंग्रजी वाक्यं घ्या. ‘आय गॉट अ लेटर.’ ‘आय गॉट होम.’ ‘इट गॉट डार्क.’ ‘आय गॉट माय हेअर कट.’ ‘आय गॉट इट.’ क्रियापद पाचही ठिकाणी एकच. आता हीच वाक्यं मराठीत म्हणा: पत्र मिळालं. घरी पोहोचलो. अंधारलं. केस कापून घेतले. कळलं. पाच वाक्यांत पाच क्रियापदं झाली. फिनिशमध्येही पाच वाक्यांना पाच क्रियापदं लागतात, आणि त्यांची विभागणी जवळजवळ मराठीसारखीच आहे.

व्हायकिंगांबरोबर इंग्लंडात आलेल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘मिळवणे’ अर्थाच्या शब्दापासून ‘गेट’ निघालं. पुढे ते आडगावच्या एकुलत्या एका एसटीसारखं झालं: कुठेही जायचं असो, सगळे तिच्यातच चढतात. फिनिश ही उरालिक कुळातली भाषा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही इंडो-युरोपीय, म्हणजे कुळाचं नातं पाहिलं तर मराठीला इंग्रजीच जवळची. पण या एका बाबतीत मराठीची चाल फिनिशशी जुळते. म्हणून या लेखात एकच सल्ला आहे: ‘गेट’चं फिनिश शोधू नका. ते वाक्य आधी मराठीत म्हणा, मराठी क्रियापद पकडा आणि मग त्याचं फिनिश शोधा.

आधी उच्चार

इथे फिनिश शब्द देवनागरीत दिले आहेत. साधा ‘आ’, ‘ए’, ‘ओ’, ‘ॲ’ ह्रस्व म्हणायचा. पुढे अवग्रह असेल तर (‘आऽ’, ‘एऽ’) लांबवायचा. ‘इ’ आणि ‘ई’, ‘उ’ आणि ‘ऊ’ यांतला फरकही काटेकोर पाळायचा. ‘तुलि’ म्हणजे विस्तव, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे कस्टम्स. ह्रस्व-दीर्घ आणि जोडाक्षर आपल्या लिपीत स्वच्छ दाखवता येतं, हा फायदा सोडू नका. ‘य’ हा उच्चार फिनिश लोक ‘जे’ या अक्षराने लिहितात आणि ‘ॲ’ हा ‘ए’ अक्षरावर दोन टिंबं देऊन. ओठ ‘उ’साठी गोल करून ‘ई’ म्हटलं की जो स्वर येतो, तो ‘वाय’ अक्षराने लिहितात. इथे तो ‘यु’ असा लिहून जिथे येईल तिथे सांगितला आहे.

फिनिश ‘क’, ‘प’, ‘त’ आपल्यासारखेच, हवेच्या झोताशिवाय. इंग्रजीच्या सवयीने ‘त’चा ‘ट’ करू नका: शहराचं नाव ‘ताम्पेरे’ आहे, ‘टँपेरे’ नव्हे. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर.

मिळणं: ‘साऽदा’

शब्दकोशात ‘गेट’खाली पहिला शब्द दिसतो तो ‘साऽदा’. त्याचा गाभा ‘मिळणं’. ‘साऽन’ म्हणजे मला मिळतं, ‘साइन’ म्हणजे मला मिळालं. फिनिशला वेगळा भविष्यकाळ नाही, त्यामुळे ‘साऽन’चाच अर्थ संदर्भाने ‘मला मिळेल’ असाही होतो.

‘साइन किर्येऽन’: मला पत्र मिळालं.
‘साइन ओलेस्केलुलुवान’: मला निवासाचा परवाना मिळाला.
‘साइन किर्यान ॲइदिल्तॅ’: मला आईकडून पुस्तक मिळालं.

तिसऱ्या वाक्यात ‘ॲइति’ (आई) या शब्दाला ‘-ल्तॅ’ लागलं, ते आपल्या ‘-कडून’चं काम करतं. आपला प्रत्यय जसा शब्दाच्या शेवटी चिकटतो आणि शब्दाचं सामान्यरूप करतो, तसंच इथेही होतं: ‘ॲइति’चं ‘ॲइदि’ झालं, ‘ओलेस्केलुलुपा’मधल्या ‘प’चा ‘व’ झाला. ‘घोडा’चं ‘घोड्याला’ करणाऱ्याने याला भ्यायचं कारण नाही.

‘साऽदा’ला दुसरं क्रियापद जोडलं की परवानगी होते. ‘साऽनको मेन्नॅ?’ म्हणजे ‘मी जाऊ का?’, शब्दशः ‘मला जायला मिळेल का?’ आणि कॅफेत रोज लागणारं वाक्य: ‘साइसिंको काह्विन?’ मला एक कॉफी मिळेल का? मराठीतली सभ्य मागणी जशी ‘द्या’ऐवजी ‘मिळेल का’ वर उभी आहे, तशीच फिनिशमध्येही. फिनिशमध्ये ‘प्लीज’ला थेट शब्द नाही, नम्रता ‘साइसिंको’ या रूपातच मुरलेली असते. त्यामुळे ‘प्लीज’ कुठे बसवू म्हणून अडखळू नका. काउंटरमागून ‘साऽको ओल्ला मूता?’ असं ऐकू आलं, तर तो ‘आणखी काही हवंय का?’ एवढाच प्रश्न आहे.

‘साइन तिएतॅऽ’ हेही याच कुटुंबातलं. ‘तिएतॅऽ’ म्हणजे माहीत असणं. ‘माहीत असणं मिळालं’ म्हणजे कळलं. बातमी कळली, निकाल कळला, तिथे हे वापरा.

आणणं, घेणं आणि अर्ज करणं

‘गेट सम मिल्क’ म्हणजे दूध मिळव नव्हे, दूध आण. आणायला जाणं म्हणजे ‘हाकेआ’. त्याचं ‘मी’चं रूप ‘हाएन’, मधला ‘क’ गळून पडतो. ‘हाएन लाप्सेन पॅइवॅकोदिस्ता’: मी मुलाला पाळणाघरातून आणतो. लहान मुलं असलेल्यांना हे वाक्य पहिल्याच आठवड्यात लागतं.

या क्रियापदाचा दुसरा अर्थ ‘अर्ज करणं’. सरकारी कामात दोन्ही क्रियापदं शेजारी येतात: ‘हाइन ओलेस्केलुलुपाऽ या साइन सेन.’ मी परवान्यासाठी अर्ज केला आणि तो मला मिळाला. इथे ‘परवाना’ या शब्दाचा शेवट पाहा. अर्ज करताना ‘-लुपाऽ’, मिळाल्यावर मात्र ‘-लुवान’. अर्ज केला तेव्हा गोष्ट अजून हातात नव्हती, तेव्हा शब्द अंशवाचक विभक्तीत जातो; पूर्ण हाती आली की ‘न’ लागतो. नकारात गोष्ट हाती येत नाहीच, म्हणून तिथेही अंशवाचकच: ‘एन साऽनुत किर्येत्तॅ’, मला पत्र मिळालं नाही. फिनिशमध्ये विभक्त्या १५ मोजतात, हे ऐकून धास्ती वाटते. पण कर्माच्या बाबतीत ‘आलं का हातात?’ हा एक प्रश्न बरंच काम निभावून नेतो.

पैसे खर्चून किंवा खटपट करून काही घेणं म्हणजे ‘हांक्किआ’. ‘हांकिन आउतोन’: मी गाडी घेतली. ‘हांकि ताल्विकेङ्ङॅत!’: हिवाळी बूट घे! नुसतं विकत घेण्याला ‘ओस्ताऽ’ आहेच. ‘हांक्किआ’त शोधाशोध आणि जुळवाजुळवही येते.

पोहोचणं, संधी मिळणं, वेळ येणं

फिनिशची खरी गंमत इथे आहे, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांची खरी पंचाईतही. ‘पॅऽस्तॅ’ म्हणजे जाता येणं, प्रवेश मिळणं, सुटणं. ‘योउतुआ’ म्हणजे नाइलाजाने एखाद्या ठिकाणी किंवा स्थितीत जाऊन पडणं. दोन्हींच्या शेवटी माणूस कुठेतरी पोहोचलेला असतो. फरक एवढाच की एकात त्याला तिथे जायचं होतं, दुसऱ्यात नव्हतं.

रस्ता विचारताना ‘पॅऽस्तॅ’: ‘मितेन पॅऽसेन आसेमाल्ले?’ स्टेशनवर कसं जाता येईल? शाळेत प्रवेश मिळाला: ‘पॅऽसिन कोउलून’. दवाखान्यातून सुटी मिळाली: ‘पॅऽसिन साइराऽलास्ता’. पण आजारी पडून दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर ‘योउदुइन साइराऽलाऽन’. तिथे ‘पॅऽसिन’ म्हटलंत, तर ‘बरेच दिवस खाट मिळत नव्हती, अखेर मिळाली’ असा सुटकेचा सूर निघतो. ‘व्हावं लागलं’ आणि ‘व्हायला मिळालं’ यांत मराठी कान जो फरक ऐकतो, तोच हा.

आता ‘फिनिश बोलणं’ हीच एक गोष्ट तीन क्रियापदांसोबत पाहा:

‘साइन पुहुआ सुओमेआ’: मला फिनिश बोलू दिलं.
‘पॅऽसिन पुहुमाऽन सुओमेआ’: मला फिनिश बोलायची संधी मिळाली.
‘योउदुइन पुहुमाऽन सुओमेआ’: मला फिनिश बोलावं लागलं.

पहिल्यात परवानगी, दुसऱ्यात संधी, तिसऱ्यात सक्ती. इंग्रजीत ‘आय गॉट टु स्पीक’ म्हटलं की पहिली दोन एकत्र होतात, आणि ‘आय हॅव गॉट टु स्पीक’ म्हटलं की एका शब्दाच्या फरकाने थेट सक्ती येते. मराठीतून निघालात तर चूक होण्याचा संभवच कमी, कारण ‘बोलू दिलं’, ‘बोलायला मिळालं’ आणि ‘बोलावं लागलं’ यांची आपण कधी गल्लत करत नाही. एक तपशील मात्र पाठ करा: ‘साऽदा’पुढे क्रियापद मूळ रूपात येतं (‘पुहुआ’), उरलेल्या दोघांपुढे ‘-माऽन’ लागून (‘पुहुमाऽन’).

नुसतं कर्तव्य किंवा गरज सांगायची, तर ‘मिनुन पितॅऽ मेन्नॅ’: मला जायला हवं. इथे ‘मी’ हा कर्ता राहत नाही. त्याचं ‘मिनुन’ होतं आणि ‘पितॅऽ’ माणूस बदलला तरी बदलत नाही, जसं आपल्याकडे मला, तुला, त्यांना कोणालाही ‘जायला हवं’च असतं. ‘आय हॅव गॉट अ कार’मधल्या मालकीचंही असंच: ‘मिनुल्ला ओन आउतो’, माझ्याकडे गाडी आहे. फिनिशमध्ये ‘हॅव’ असं क्रियापदच नाही. इंग्रजीभाषकाला यासाठी एक आख्खा धडा लागतो. तुम्ही तो वाचून पुढे जा.

होणं: एका क्रियापदात मावणारे बदल

‘गेट वेट’, ‘गेट अँग्री’, ‘गेट सिक’, ‘गेट थिन’. इंग्रजीला इथे दोन-दोन शब्द लागतात. फिनिशला एकच पुरतो, मराठीलाही बऱ्याचदा:

‘कास्तुआ’: भिजणं.
‘सूत्तुआ’: रागावणं.
‘कुइवुआ’: वाळणं, सुकणं.
‘लाइह्तुआ’: रोडावणं.
‘साइरास्तुआ’: आजारी पडणं.
‘तोत्तुआ’: सवय होणं.
‘तुतुस्तुआ’: ओळख होणं.

शेवट बघा, सगळे ‘-उआ’. मूळ शब्दात ‘ॲ’सारखे पुढचे स्वर असले, की हाच प्रत्यय ‘-युॲ’ होतो (हा तो ओठ गोल करून म्हणायचा ‘ई’): ‘वॅस्युॲ’ म्हणजे थकणं, ‘एक्स्युॲ’ म्हणजे वाट चुकणं. वाचताना असा शेवट दिसला की समजा, इथे बहुधा कुणाचं तरी काहीतरी ‘होतंय’, कुणी मुद्दाम करत नाहीये.

दुसरं कुटुंब ‘-एता’ आणि ‘-एतॅ’चं. ‘वान्हेता’ म्हणजे म्हातारं होणं. ‘पिमेतॅ’ म्हणजे अंधारणं. खिडकीबाहेर बघून फिनिश माणूस नुसतं ‘पिमेनेऽ’ म्हणतो आणि वाक्य पुरं होतं. ‘अंधारतंय’ असं एका शब्दात म्हणणाऱ्या आपल्याला त्यात नवल ते काय? इंग्रजीला मात्र ‘इट’ नावाचा एक कर्ता उभा करावा लागतो. उजाडतंय तर ‘वाल्केनेऽ’. हेलसिंकीत डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सहा तासांपेक्षाही छोटा असतो, तेव्हा हे दोन शब्द पाठ व्हायला वेळ लागणार नाही.

या क्रियापदांची जोडीदारंही सोबत शिका. मराठीत जसं भिजणं-भिजवणं, तसं फिनिशमध्ये ‘कास्तुआ-कास्तेल्ला’. वाळणं-वाळवणं म्हणजे ‘कुइवुआ-कुइवाता’. वितळणं-वितळवणं म्हणजे ‘सुलाऽ-सुलात्ताऽ’. बरं होणं-बरं करणं म्हणजे ‘पारान्तुआ-पारान्ताऽ’. झोपणं-झोपवणं म्हणजे ‘नुक्कुआ-नुकुत्ताऽ’. यातलं दुसरं दवाखान्यात भूल देण्यासाठीही वापरतात. आणि माझी आवडती जोडी: पिणं-पाजणं, ‘युओदा-युओत्ताऽ’. वहीत एकेकटं क्रियापद लिहू नका, जोडीनेच लिहा.

माणूस काही बनतो, तेव्हा रचना वेगळी: ‘हॅनेस्तॅ तुलि लॅऽकॅरि’, ती डॉक्टर झाली. शब्दशः ‘तिच्यातून डॉक्टर आला’. ‘हॅन’मध्ये तो आणि ती दोन्ही येतात; फिनिशमध्ये लिंगभेद नाही. आजारी माणसाला ‘गेट वेल सून’ म्हणायचं, तर ठरलेला शब्दप्रयोग ‘पिकाइस्ता पारानेमिस्ता!’ तो तसाच पाठ करा.

करवून घेणं

‘गॉट द कार रिपेअर्ड’ हे इंग्रजीत लांबण लावून सांगावं लागतं. फिनिश क्रियापदाच्या पोटातच प्रत्यय घालते: ‘कोर्याता’ म्हणजे दुरुस्त करणं, ‘कोर्याउत्ताऽ’ म्हणजे दुरुस्त करवून घेणं. ‘कोर्याउतिन आउतोन’: गाडी दुरुस्त करून घेतली. तसंच ‘तेह्दॅ’ म्हणजे करणं आणि ‘तेऽत्तॅऽ’ म्हणजे करवणं. ‘करणं-करवणं’ची सवय असलेल्याला हा प्रत्यय ओळखीचा वाटेल.

केस कापून घेतले, हे व्याकरणाने ‘लेइक्काउतिन हिउक्सेत’. पण रोजच्या बोलण्यात ‘कॅविन पार्तुरिस्सा’ सहज येतं, म्हणजे न्हाव्याकडे जाऊन आलो. आपणही ‘मी केस कापले’ असंच म्हणतो, आणि कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे सगळ्यांना ठाऊक असतं.

रोजच्या वापरातले आणखी काही

बसमध्ये चढणं ‘नोउस्ता’: ‘नोउसेन बुस्सीन’. सकाळी उठणंही तेच: ‘नोउसेन कूदेल्ता’, मी सहाला उठतो. उतरायचं असेल तर ‘यॅऽन तॅस्सॅ पोइस’, शब्दशः ‘मी इथे मागे राहतो’.

वेळेत गाठणं ‘एह्तिॲ’: ‘एह्दिन बुस्सीन’, बस गाठली. ‘एन एह्दि’ म्हणजे ‘मला वेळ होणार नाही’. कोणाचं आमंत्रण टाळायचं असेल, तर हे दोन शब्द पुरतात.

समजणं ‘युम्मॅर्तॅऽ’ (सुरुवातीचा ‘यु’ पुन्हा तोच), आणि डोक्यात प्रकाश पडणं ‘तायुता’. ‘एन तायुआ’: माझ्या काही लक्षात येत नाही.

पटणं आणि भागणं या दोन्हींना ‘तुल्ला तोइमेऽन’: माणसाशी पटतं तेव्हाही, पगारात भागतं तेव्हाही. लग्न करणं ‘मेन्नॅ नाइमिसीन’, ते जसंच्या तसं लक्षात ठेवायचं.

मराठी कुठे फसवते

मराठीचा आधार घ्या म्हणजे डोळे मिटून घ्या, असं नव्हे. चार ठिकाणी ती घात करते.

पहिलं, ‘मला मिळालं’. आपल्या वाक्यात कर्ता पत्र आहे आणि ‘मी’ चतुर्थीत बसलेला आहे. फिनिश ‘साऽदा’मध्ये ‘मी’च कर्ता असतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलतं: साऽन, साऽत, साऽ, साऽम्मे, साऽत्ते, साऽवात. ‘मला’ला शोधून ‘मिनुल्ले’ आणू नका. ‘मिनुल्ला ओन’ आणि ‘मिनुन पितॅऽ’ मात्र मराठीच्या वळणाचेच. ही तिन्ही एका पानावर शेजारीशेजारी लिहून ठेवा.

दुसरं, ‘घरी’. मी घरी आहे, मी घरी आलो. मराठीत दोन्हीकडे ‘घरी’. फिनिशमध्ये असताना ‘कोतोना’, येताना ‘कोतीन’, निघताना ‘कोतोआ’. म्हणून ‘आय गॉट होम’ हे ‘तुलिन कोतीन’. ‘-त’ या प्रत्ययाचंही तेच आहे: घरात असणं आणि घरात शिरणं यांना फिनिशमध्ये वेगळे प्रत्यय लागतात. प्रत्येक वेळी विचारा: स्थिर आहे, की आत चाललंय?

तिसरं, आपलं ‘लागणं’. इंग्रजीत ‘गेट’चं जे झालं, ते मराठीत ‘लागणं’चं झालं आहे. भूक लागली म्हणजे ‘मिनुल्ला ओन नॅल्कॅ’. वेळ लागतो म्हणजे ‘केस्तॅऽ’. थांबावं लागलं म्हणजे ‘योउदुइन ओदोत्तामाऽन’. एकाच ‘लागणं’चे तीन वेगळे रस्ते. तेव्हा नुसतं मराठी क्रियापद पकडून भागत नाही, पूर्ण वाक्याचा अर्थ पकडावा लागतो.

चौथं, ‘भेटणं’. बोलण्यात ‘पुस्तक भेटलं’ म्हणायची सवय असेल, तर फिनिशमध्ये ती घेऊन जाऊ नका. माणूस भेटतो तेव्हा ‘तावाता’, वस्तू मिळते तेव्हा ‘साऽदा’.

अभ्यास कसा कराल

कार्डं किंवा वही करताना एका बाजूला मराठी वाक्य लिहा, सुटा इंग्रजी शब्द नको. ‘गेट’च्या कार्डामागे दहा फिनिश शब्द लिहिलेत, तर ऐन वेळी एकही आठवणार नाही. ‘मुलाला पाळणाघरातून आणायचंय’ असं लिहिलंत, तर मागे एकच उत्तर येईल.

प्रत्येक क्रियापदासोबत तीन गोष्टी लिहा: ‘मी’चं वर्तमानरूप, ‘मी’चं भूतरूप आणि पुढच्या शब्दाला लागणारी विभक्ती. उदाहरणार्थ: ‘हाकेआ, हाएन, हाइन, आणलं तर न, अर्ज केला तर अंशवाचक’. ‘योउतुआ, योउदुन, योउदुइन; पुढे -माऽन किंवा आत जाण्याची विभक्ती’. पहिल्या दोन रूपांतून मधल्या अक्षरांचे बदल आपोआप कानावर बसतात. नियमांचा तक्ता नंतर पाहिला तरी चालेल.

भाषांतराच्या ॲपमध्ये एकटा शब्द टाकू नका. पूर्ण वाक्य टाका आणि आलेलं क्रियापद फिनिश-फिनिश शब्दकोशात तपासा. फिनलंडच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा ‘किएलितोइमिस्तोन सानाकिर्या’ इंटरनेटवर मोफत आहे आणि त्यात प्रत्येक क्रियापदाची वापरातली उदाहरणं असतात. ऐकण्यासाठी ‘युले’ (इथेही ‘यु’ तोच, ओठ गोल करून म्हणायचा) या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या सोप्या फिनिशमधल्या बातम्या ऐका. एका बातमीपत्रात ‘साऽदा’, ‘पॅऽस्तॅ’ आणि ‘योउतुआ’ किती वेळा आणि कोणासाठी आले, एवढंच टिपा. परवानगी, संधी आणि सक्ती यांच्याविना बातमी सहसा नसतेच, त्यामुळे हात रिकामा राहणार नाही.

पुढेमागे नागरिकत्वाचा विचार असेल, तर फिनिश किंवा स्वीडिश येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी बहुतेक जण ‘वायकेआय’ या भाषापरीक्षेत पातळी ३ गाठतात. तिथे लिहिताना आणि बोलताना ‘गेट’चे हे फाटे पदोपदी लागतात: परवाना मिळाला, दवाखान्यात जावं लागलं, गाडी दुरुस्त करून घेतली, सवय झाली.

सरावासाठी

पुढच्या वाक्यांची उत्तरं हाताने झाकून सोडवा.

१. मला एक चहा मिळेल का? (साइसिंको तेऽन?)
२. मी वाचनालयातून पुस्तक आणलं. (हाइन किर्यान किर्यास्तोस्ता.)
३. मला थांबावं लागलं. (योउदुइन ओदोत्तामाऽन.)
४. अंधारलं. (पिमेनि.)
५. मी मुलाला झोपवलं. (नुकुतिन लाप्सेन.)
६. मला पत्र मिळालं नाही. (एन साऽनुत किर्येत्तॅ.)
७. मी भिजलो. (कास्तुइन.)
८. मला कळलं. (साइन तिएतॅऽ.)

आठांपैकी सहा जमली, तर पुढच्या आठवड्यात स्वतःच्या दिवसातली अशीच आठ मराठी वाक्यं काढा आणि त्यांचं फिनिश करा. सहाच्या खाली राहिलात, तर आधी ‘साऽदा’, ‘पॅऽस्तॅ’ आणि ‘योउतुआ’ यांचा भाग पुन्हा वाचा. बाकीची क्रियापदं गरजेप्रमाणे येत जातील; ही तीन मात्र पहिल्याच महिन्यात तोंडी बसली पाहिजेत.